रक्त, विष आणि परिचारिका

जासई हे नाव उच्चारले की उरण-पनवेलकडच्या माणसाच्या मनात दोन गोष्टी एकदम उभ्या राहतात. एक म्हणजे दि. बा. पाटील यांचे हे जन्मगाव. आणि दुसरी, १९८४ सालच्या जानेवारीत, १६ व १७ तारखांना, जमिनीच्या न्याय्य मोबदल्यासाठी या परिसरात झालेले आंदोलन. त्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबाराने पाच जण हुतात्मे झाले. रक्त हा शब्द या मातीत असा इतिहासाशी जोडला गेलेला आहे. तो इतिहास सांगणारी आमच्याहून अधिकारी माणसे पुष्कळ आहेत. आज आम्ही ज्या रक्ताविषयी बोलणार आहोत ते याच भागातल्या बांधावर, गवताच्या भाऱ्यापाशी, बाळंतिणीच्या खाटेवर आणि अलीकडे बंदराकडे धावणाऱ्या हमरस्त्यावर सांडते. ते सांडते तेव्हा त्याची कोठे नोंद होत नाही, स्मारक तर दूरच राहिले. पण ते थांबविण्याची आणि योग्य तेथे ते वाहते ठेवण्याची विद्या माणसाने कशी मिळविली याचा इतिहास मोठा मनोवेधक आहे. आणि त्या इतिहासात एका व्यक्तीला तिच्या योग्यतेचे स्थान अजून मिळालेले नाही, असे आमचे मत आहे. ती व्यक्ती म्हणजे परिचारिका, आपण जिला ‘सिस्टर’ म्हणून हाक मारतो ती.

प्रारंभीच सांगून टाकतो की आम्ही वैद्य नव्हे. इतिहासाचा विद्यार्थी औषधाच्या बाटलीकडे पाहतो तो एवढ्याच जिज्ञासेने, की ही बाटली येथवर आली कशी, आणि ती उघडणाऱ्या हाताला काय ठाऊक असावे लागते?

आपल्या भाषेत रक्ताच्या गोठण्याला ‘साकळणे’ असा एक नेमका शब्द आहे. मार लागून काळे-निळे पडलेल्या जागेला आपल्या आया-आज्या ‘रक्त साकळले’ असे म्हणत. हे साकळणे म्हणजे काय, ते या मुलुखातल्या शेतकऱ्याला समजावून सांगणे फार सोपे आहे. खाडीकाठच्या खारजमिनीला बांध असतो आणि त्या बांधाला उघाडी असते. भरतीचे खारे पाणी आत शिरू नये म्हणून बांध. पावसाचे पाणी शेतात तुंबून राहू नये म्हणून उघाडी. बांध फुटला तर पीक गेले, आणि उघाडी बुजली तरीही पीक गेलेच. शरीरातल्या रक्ताचे असेच आहे. रक्तवाहिनीला छेद गेला की रक्तातल्या बारीक चकत्या तेथे गोळा होतात, रक्तात विरघळलेल्या एका द्रव्याचे तंतू बनतात, आणि त्या तंतूंच्या जाळ्यात रक्तपेशी अडकून खांडीला बांध पडतो. पण तोच बांध नको तेथे, हृदयाच्या किंवा मेंदूच्या वाहिनीत पडला, तर माणूस बसल्या जागी कोसळतो. साकळले नाही तरी मृत्यू आणि भलत्या ठिकाणी साकळले तरी मृत्यू! या दोन संकटांच्या मधली वाट किती अरुंद आहे, हे माणसाला प्रथम कोणी शिकविले असेल तर ते सापांनी.

कोकणात फुरसे कोणाला ठाऊक नाही? हातभर लांबीचा, मातकट रंगाचा, इंग्रजी आठाच्या आकड्यासारखी वेटोळी घालून अंगावरचे खवले एकमेकांवर घासणारा हा साप. आवाज करवतीसारखा. डोंगरउतारावरच्या दगडाखाली तो पडून असतो आणि गवत कापणाऱ्याच्या, लाकूडफाटा वेचणाऱ्याच्या हातापायाला डसतो. रत्नागिरी जिल्ह्यात त्याचा उपद्रव इतका होता की एकोणिसाव्या शतकात सरकारने फुरसे मारणाऱ्यास बक्षीस ठेवले. १८६२ सालच्या डिसेंबरात बक्षिसाची रक्कम वाढविताच अवघ्या आठ दिवसांत एक लाखाहून अधिक फुरशी लोकांनी मारून आणली. फुरसे मात्र नाहीसे झाले नाही. ज्या विषाचा व्यापार समजलेला नाही ते विष काठीने संपत नाही, एवढाच धडा त्यातून मिळाला.

तो व्यापार समजावयास वेळ लागला. सर जोसेफ फेरर यांनी हिंदुस्थानातील विषारी सापांवरचा आपला मोठा ग्रंथ १८७२ साली प्रसिद्ध केला. घोणशीच्या दंशाने मेलेल्या प्राण्याचे रक्त पातळच राहते, नागाच्या दंशात मात्र ते गोठते, हा भेद त्यांच्या नजरेस आला होता. फुरशाच्या विषात असे एक द्रव्य असते की ते रक्त साकळविण्याच्या क्रियेला एकदम चालना देते, हे आज आपल्याला माहीत आहे. मग गंमत अशी होते की साकळण्यासाठी रक्तात जो माल साठवलेला असतो तो सगळा शरीरभर उगाच खर्ची पडतो, आणि खऱ्या जखमेच्या वेळी भांडार रिते निघते. हिरड्यांतून रक्त येते, लघवी लाल होते, जुन्या जखमा पुन्हा वाहू लागतात. घरात लग्नाआधीच धान्य उधळून टाकावे आणि वऱ्हाड दारात आल्यावर कोठीत हात घालावा, तशी ही अवस्था होय.

या विषावर खरा उतारा मिळाला तो घोड्याच्या रक्तातून. फ्रान्समध्ये आल्बेर काल्मेत यांनी १८९० नंतरच्या दशकात प्रतिविषाची रीत सिद्ध केली. घोड्याला विषाच्या वाढत्या मात्रा टोचावयाच्या आणि त्याच्या रक्तात तयार झालेले प्रतिद्रव्य काढून घ्यावयाचे. आपल्याकडे परळला जुन्या गव्हर्न्मेंट हाऊसमध्ये १८९९ साली प्लेगच्या संशोधनासाठी जी प्रयोगशाळा आली, तिलाच १९२५ साली हाफकिन इन्स्टिट्यूट हे नाव मिळाले. आणि नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चारही सापांवर चालणारे प्रतिविष पुढे तेथे तयार होऊ लागले. जासईच्या किनाऱ्यावरून पाहिले तर परळ हे पाण्यापलीकडचे गाव. परंतु भाऊच्या धक्क्यावरून मोऱ्याला येणाऱ्या लाँचेवर सगळा भाग अवलंबून होता, त्या दिवसांत हे पाणी फार रुंद होते. औषध समोर दिसणाऱ्या काठावर, आणि रोगी या काठावर!

आता औषध आले. पण ते द्यावयाचे कोणाला? दंश झालेल्या प्रत्येकाच्या अंगात विष भिनलेले असतेच असे नाही. प्रतिविष महाग, घोड्याच्या रक्तातून आलेले असल्यामुळे क्वचित रोग्याच्या अंगावर उलटणारे, म्हणून शेजारी ॲड्रिनॅलिनची सुई भरून ठेवल्याशिवाय ते सुरू करू नये असे. मग निर्णय कशावर करावा? येथे वैद्यकाच्या इतिहासातली एक अत्यंत साधी आणि अत्यंत थोर अशी चाचणी पुढे येते. नायजेरियात फुरशाच्याच कुळातल्या सापाचा दंश झालेल्या रोग्यांचा अभ्यास डेव्हिड वॉरेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ साली प्रसिद्ध केला. अशा अभ्यासांतून ही चाचणी खाटेपाशी रुळली आणि पुढे जागतिक आरोग्य संघटनेने ती सर्वत्र सुचविली. तिला यंत्र लागत नाही, वीजही लागत नाही. रोग्याचे दोन मिलीलिटर रक्त काचेच्या स्वच्छ, कोरड्या नळीत घ्यावयाचे, नळी वीस मिनिटे न हलविता उभी ठेवावयाची, आणि मग एकदाच कलती करून पाहावयाची. रक्त गोठले असेल तर ते नळीत घट्ट बसते. पाण्यासारखे ओघळले तर विष रक्तात पोचले आहे, प्रतिविष लावले पाहिजे.

सांगावयास सोपी वाटणारी ही गोष्ट करावयास किती जाणतेपण लागते ते पाहा. नळी काचेचीच हवी, कारण काचेच्या स्पर्शानेच साकळण्याला सुरुवात होते. प्लास्टिकची नळी खोटी साक्ष देते. साबणाच्या भुकटीने धुतलेली नळीही चालत नाही. रक्तपेढीच्या किंवा तपासणीच्या नळीत आधीच औषध घातलेले असते, तीही बाद. दहाव्या मिनिटाला उत्सुकतेने नळी हलवून पाहिली तर चाचणी फुकट गेली. प्रतिविष दिल्यावर ताबडतोब पुन्हा चाचणी करण्यातही अर्थ नसतो. यकृताला साकळण्याचा माल नव्याने तयार करावयास सहा तास लागतात, म्हणून सहा तासांनी पुन्हा नळी भरावयाची. आणि या सर्व वेळात रोग्याला दुखते म्हणून ॲस्पिरिन द्यावयाचे नाही, दंडात सुई टोचावयाची नाही, कारण प्रत्येक टोचणी ही वाहती जखम होईल. हे सगळे कोण सांभाळते? रात्री दोन वाजता, बाहेर नातेवाइकांचा गलबला चाललेला असताना, घड्याळाकडे नजर ठेवून ती नळी कोणालाही हलवू न देणारी परिचारिका. तिची ती वीस मिनिटे म्हणजे सबंध उपचाराचा पाया होय.

आता या कथेचा दुसरा भाग ऐका. ज्या विषाने रक्त बिघडते त्याच विषाला माणसाने पुढे चाकरीस लावले. १९३४ साली लंडनमध्ये मॅकफार्लेन आणि बार्नेट या दोघांनी असे दाखविले की घोणशीचे विष अत्यंत विरळ करून लावले असता, ज्यांचे रक्त जन्मतःच साकळत नाही अशा रोग्याच्या जखमेतला स्राव थांबतो. जी घोणस शेतकऱ्याच्या रक्ताचे पाणी करते, तिच्याच विषाचा थेंब दुसऱ्याच्या रक्ताला बांध घालतो! आणि फुरसे? त्याच्या विषात एक प्रथिन असे सापडले की ते रक्तातल्या चकत्यांना एकत्र येऊ देत नाही. त्याचा नमुना पुढे ठेवून रसायनशास्त्रज्ञांनी टायरोफिबॅन नावाचे औषध घडविले. १९९८ साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली आणि हृदयविकाराच्या झटक्यात ते वापरात आले. रत्नागिरीत ज्याच्या शेपटीमागे बक्षीस लावले होते, त्याने जगातल्या हृदयरोग्यांना दिलेले हे दान आहे.

रक्त पातळ ठेवणाऱ्या दुसऱ्या एका औषधाची जन्मकथा तर आपल्या पेंढ्याच्या उडवीपाशीच सुरू झाल्यासारखी वाटते. १९२० नंतरच्या दशकात कॅनडा व उत्तर अमेरिकेत गुरे एकाएकी रक्तस्रावाने मरू लागली. कुजलेले, बुरशी आलेले एक प्रकारचे गोड गवत त्यांच्या खाण्यात येत होते, हे पशुवैद्य स्कोफील्ड यांनी हेरले. १९३३ सालच्या फेब्रुवारीत विस्कॉन्सिनमधला एक शेतकरी हिमवादळातून, मेलेली कालवड, न साकळलेल्या रक्ताने भरलेला दुधाचा डबा आणि ते गवत घेऊन कार्ल पॉल लिंक यांच्या प्रयोगशाळेच्या दाराशी आला. लिंक आणि त्यांचे सहकारी त्यानंतर वर्षानुवर्षे त्या गवतामागे लागले. त्यातले दोषी द्रव्य त्यांनी वेगळे काढले आणि १९४१ साली ते जगापुढे ठेवले. त्याच कुळातले वॉरफरिन १९४८ मध्ये प्रथम बाजारात आले ते उंदरांचे विष म्हणून. १९५४ मध्ये ते माणसांसाठी मान्य झाले, आणि १९५५ साली अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांना हृदयविकाराचा झटका आला तेव्हा त्यांना ते देण्यात आले. शेतकऱ्याचा दुधाचा डबा, उंदराचे बीळ आणि राष्ट्राध्यक्षाची खाट असा हा प्रवास आहे.

याच सुमाराची आणखी दोन नावे ध्यानात ठेवावीत. १९१६ साली अमेरिकेत जे मॅक्लीन या विद्यार्थ्याच्या हाती कुत्र्याच्या यकृतातून रक्त साकळू न देणारे द्रव्य लागले. त्यातूनच त्याचे गुरू हॉवेल यांच्या संशोधनात हेपारिन हे नाव रूढ झाले. डेन्मार्कमध्ये हेन्रिक डाम यांना १९२९ नंतर कोंबड्यांच्या खाद्याचा अभ्यास करताना रक्त साकळण्यास लागणाऱ्या एका जीवनसत्त्वाचा पत्ता लागला. त्याला त्यांनी ‘के’ हे अक्षर दिले आणि १९४३ चे नोबेल पारितोषिक त्यांना विभागून मिळाले. आज दवाखान्यात जन्मलेल्या बाळाच्या मांडीत जी एक बारीक सुई टोचली जाते ती याच जीवनसत्त्वाची. आईच्या दुधात ते थोडेच असते, आणि त्यावाचून नवजात बाळाच्या मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. ही सुई बहुधा परिचारिकेच्याच हातची असते. पहिलटकरणीची आई ‘एवढ्याशा जिवाला कशाला टोचता?’ म्हणून रागावते, तेव्हा उत्तर तिलाच द्यावे लागते. कारण तिला ठाऊक असेल तरच ती ते देऊ शकेल.

आता परिचारिकेच्या इतिहासाकडे वळू. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांची शाळा १८६० मध्ये लंडनला निघाली. आपल्याकडे मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १८९१ साली शिक्षणासाठी आलेल्या बाई काशीबाई गणपत यांचे नाव पहिल्या भारतीय शिक्षित परिचारिकांत आदराने घेतले जाते. त्या काळी घराबाहेर पडून परक्याच्या मलमूत्राला हात लावणारी बाई म्हणजे समाजाच्या लेखी काय असेल, याची कल्पना श्रोत्यांनीच करावी. १९०८ मध्ये शिक्षित परिचारिकांची अखिल भारतीय संघटना झाली, १९४७ मध्ये भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा झाला. या सगळ्या काळात परिचारिकेच्या कामाचे स्वरूप मुळापासून पालटत होते. पूर्वी तिला रक्त थांबविण्याची कला यावी लागे: दाब कोठे द्यावा, पट्टी कशी बांधावी. हेपारिन आणि वॉरफरिन आल्यावर रक्त मुद्दाम पातळ ठेवण्याची जबाबदारी तिच्या हाती आली. एकाच खाटेवर बांधही तिने राखावयाचा आणि उघाडीही!

यावर कोणी म्हणतील, ‘औषध लिहून देणार डॉक्टर, बनविणार कारखाना, मध्ये या बाईला एवढे शास्त्र कशाला? सांगितले तेवढे केले म्हणजे झाले.’ हा आक्षेप जुना आहे आणि तो आम्हाला मुळीच मान्य नाही. हेपारिनचेच पाहा. त्याची मात्रा मोजली जाते ती युनिटांत, आणि बाटल्या निरनिराळ्या तीव्रतेच्या असतात. एकीत दर मिलीलिटरला हजार युनिटे, तर दुसरीत पाच हजार. चिठ्ठीत आकडा बरोबर आणि हातात बाटली दुसरी, म्हणजे पाचपट मात्रा गेली. हेपारिन ताबडतोब काम करते, वॉरफरिनला काही दिवस लागतात. हेपारिनवर उतारा प्रोटामिनचा, वॉरफरिनवर ‘के’ जीवनसत्त्वाचा. हे एकमेकांच्या जागी चालत नाहीत. लघवीत लाली दिसली, शौच डांबरासारखे काळे झाले, दात घासताना रक्त थांबेना, तर ते प्रथम दिसते कोणाला? दिवसातून दोनदा फेरी मारणाऱ्याला की आठ तास खाटेपाशी असणाऱ्याला? हुकूम पाळण्यासाठी कान पुरेत. धोका ओळखण्यासाठी मात्र ज्ञान लागते.

शिवाय रोगी घरी जातो तेव्हा हे शास्त्र त्याच्याबरोबर घरी जाते, आणि ते त्याच्या भाषेत सांगावे लागते. लहानपणच्या सांधेतापाने हृदयाची झडप निकामी झालेली, नवी धातूची झडप बसविलेली एखादी बाई घ्या. रक्त पातळ ठेवणारी गोळी तिला जन्मभर घ्यावयाची आहे. ती गोळी ‘के’ जीवनसत्त्वाच्या विरुद्ध काम करते, आणि हे जीवनसत्त्व तर हिरव्या पालेभाजीत भरलेले. पावसाळ्यात परसात भाजी माजली म्हणून रोज खाल्ली आणि उन्हाळ्यात एकदम सोडली, तर गोळी तीच राहूनही रक्ताचा तोल ढळतो. म्हणून ‘भाजी सोडा’ असे सांगणे चूक, ‘भाजी रोजच्या प्रमाणात ठेवा’ असे सांगणे बरोबर. रक्ताची तपासणी चुकवू नका, गुडघा दुखला म्हणून दुकानातून ॲस्पिरिनसारखी गोळी आणू नका, दात काढण्यापूर्वी गोळीचे नाव सांगा, पाळी चुकली तर लगेच कळवा, कारण वॉरफरिन गर्भाला अपाय करू शकते. ही पाच वाक्ये नीट समजावून सांगणारी परिचारिका त्या बाईच्या आयुष्यात वर्षांची भर घालते, असे म्हणण्यात अतिशयोक्ती नाही.

आणि हमरस्त्याचे काय? न्हावा-शेवा बंदर १९८९ मध्ये सुरू झाले तेव्हापासून जासईच्या अंगावरून अवजड वाहनांची रांग खळत नाही. अपघातातल्या रक्तस्रावावर आज एक स्वस्त औषध आहे, ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड. जपानमधल्या उताको आणि शोसुके ओकामोतो या दांपत्याने १९६२ साली ते जगापुढे आणले. ते पडलेला बांध विरघळू देत नाही. २०१० मध्ये भारतासह ४० देशांतल्या २०,२११ जखमींवर झालेल्या चाचणीत त्याने मृत्यू घटतात असे सिद्ध झाले; पण अट एक निघाली, ते तीन तासांच्या आत मिळाले पाहिजे. उशिरा दिले तर लाभ उरत नाही, उलट अपायाचा संभव. म्हणजे पुन्हा घड्याळ आले, आणि घड्याळाकडे पाहणारी तीच व्यक्ती आली.

आपल्याच रायगड जिल्ह्यात महाडला डॉ. हिंमतराव बावसकरांनी विंचूदंशाच्या रोग्यांपाशी रात्री-रात्री बसून उपचाराची नवी दिशा दाखविली आणि जगाने ती मानली. खाटेपाशी बसून डोळे उघडे ठेवणे हीच तेथली प्रयोगशाळा होती. भारतात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे दगावली असा संशोधकांचा हिशेब आहे. २०१७ साली जागतिक आरोग्य संघटनेने सर्पदंशाला दुर्लक्षित रोगांच्या यादीत घातले, आणि २०२४ मध्ये भारत सरकारने २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्याची योजना जाहीर केली. योजना कागदावर उत्तम आहे. ती खरी ठरेल ती मात्र गावच्या आरोग्य केंद्रातल्या एका कपाटात. त्यात प्रतिविष आहे काय, काचेची कोरडी नळी आहे काय, आणि ती नळी वीस मिनिटे का हलवू नये हे जाणणारी बाई त्या रात्री कामावर आहे काय, या तीन प्रश्नांवर.

१२ जानेवारी २०२४ रोजी शिवडीहून निघणाऱ्या सागरी सेतूचे उद्घाटन झाले. तो या काठाला उतरतो तो जासईशेजारच्या चिर्ल्याला. ज्या परळात फुरशाच्या विषावरचे औषध घडले ते परळ आता जासईपासून मोटारीने थोडक्या वेळाच्या अंतरावर आले आहे. लाँचेची वाट पाहण्याचे दिवस सरले. परंतु अंतर पुलाने जेवढे तुटते तेवढेच ते ज्ञानाने तुटावयास हवे. या गावाने आपल्या जमिनीसाठी सांडलेल्या रक्ताची आठवण जतन केली आहे, ते योग्यच आहे. जे रक्त सांडू नये म्हणून कोणीतरी रात्रभर घड्याळाकडे पाहत बसले, त्याचीही आठवण आपण ठेवावी. आणि पुढच्या वेळी दवाखान्यात ‘सिस्टर, अजून किती वेळ?’ असे त्राग्याने विचारण्यापूर्वी तिच्या हातातल्या नळीकडे एकवार पाहावे. ती वेळ घालवीत नसते. रक्त साकळते की नाही ते पाहत असते.